संगीतकार गेला, आता चाल कुणाची?

22 मे 2021 रोजी नागपुरात रामलक्ष्मण गेले. आमच्या लातूर-बीडकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांच्या ग्रुपवर फोटो आला, खाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि मग एकानं विचारलं, "दोघांतले कोण गेले?" त्याला कुणी हसलं नाही, कारण निम्म्या ग्रुपलाही उत्तर ठाऊक नव्हतं.

सुरेंद्र हेंद्रे म्हणजे राम आणि विजय पाटील म्हणजे लक्ष्मण. या जोडीचं बारसं दादा कोंडके यांनी केलं. 'पांडू हवालदार' (1975) दोघांचा. हेंद्रे त्यानंतर लवकरच वारले. पाटलांनी पुढे एकट्यानं काम केलं, पण जोडीचं नाव काही टाकलं नाही. 'मैंने प्यार किया' (1989), 'हम आपके हैं कौन' (1994), 'हम साथ साथ हैं' (1999) या सगळ्या चाली एका माणसानं दोघांच्या नावावर केल्या.

मराठवाड्यात एका पिढीनं दादांच्या पिक्चरची गाणी जत्रेतल्या तंबूत ऐकली. पुढच्या पिढीला तोच संगीतकार लग्नाच्या मांडवात भेटला. 1994 नंतर आमच्याकडे नवरदेवाचे बूट पळवायचे म्हटलं की गाणं लावावंच लागायचं. तंबूतलं गाणं आणि मांडवातलं गाणं एकाच माणसाचं, हे मात्र फार थोड्यांना माहीत होतं. त्या मे महिन्यात कोरोनाची दुसरी लाट चालू होती. लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच मुभा, जत्रा-उरूस बंद, बँडवाले आणि ऑर्केस्ट्रावाले घरी बसलेले. त्यामुळे शोक झाला तो सगळा मोबाइलवर. कुणी कीबोर्डवर वाजवून व्हिडिओ टाकला. कुणी फेसबुकवर लाइव्ह गेला आणि मध्येच त्याचा आवाज बंद पडला.

ज्याचा आवाज बंद पडला तो वैतागून म्हणाला, "माणूसच गेला की राव, आता तरी गाणं मोकळं झालं असंल." हा समज खूप जणांचा आहे, आणि तो नेमका उलटा आहे. संगीतकाराच्या जाण्यानं चाल मोकळी होत नाही. ती मोकळी व्हायला किती वर्षं उरली, ते मोजायला तेव्हा कुठे सुरुवात होते.

एका गाण्यात किती मालमत्ता?

आपण 'गाणं' म्हणतो ती एक वस्तू वाटते. कायद्याच्या नजरेत त्यात निदान तीन वेगळ्या मालमत्ता आहेत. शब्द ही एक, चाल ही दुसरी आणि स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण ही तिसरी. शब्द गीतकाराची निर्मिती, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ज्यानं पैसे घालून करून घेतलं त्याचं, म्हणजे बहुधा निर्मात्याचं किंवा कंपनीचं. गायकाच्या गाण्यावर त्याचा स्वतःचा चौथा हक्क असतो. तो आजच्या विषयापुरता बाजूला ठेवतो.

कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्यात चालीची व्याख्या करताना शब्द मुद्दाम वगळले आहेत. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1994 च्या दुरुस्तीपर्यंत कायदा ज्याला संगीतकृती मानत होता ती कागदावर उतरवलेली, छापलेली असावी लागे. आपल्याकडे पेटीवर बसून चाल बांधायची आणि तोंडानं गायकाला सांगायची अशी रीत. ज्या देशात बहुतेक संगीत कागदावर उतरतच नाही, त्या देशाच्या कायद्याला हे कळायला 37 वर्षं लागली. आता चाल लिहिलेली असो वा नसो, जो बांधतो तो संगीतकार.

या तिन्ही मालमत्तांची मुदत वेगवेगळी चालते. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत असतोच, शिवाय त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. ही 60 वर्षं मृत्यूच्या पुढच्या 1 जानेवारीपासून धरतात. ध्वनिमुद्रणाचा माणसाच्या जगण्या-मरण्याशी काही संबंध नाही. ते ज्या वर्षी बाजारात आलं, त्याच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षं.

'मैंने प्यार किया'मधलं 'दिल दीवाना' घेऊ. ध्वनिमुद्रण 1989 चं, म्हणजे 31 डिसेंबर 2049 पर्यंत बांधलेलं. शब्द असद भोपालींचे. या गाण्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि 1990 मध्ये ते वारले. म्हणजे शब्द 2050 अखेरपर्यंत. चाल विजय पाटलांची, ते 2021 मध्ये गेले, म्हणून ती 2081 अखेरपर्यंत. एकाच गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण आणि शब्द 2051 उजाडेपर्यंत मोकळे झालेले असतील, पण चालीला हात लावायला आणखी तीस-एकतीस वर्षं थांबावं लागेल. आज पंचविशीत असलेला कीबोर्डवाला तेव्हा ऐंशीला टेकलेला असेल.

ही 60 वर्षं पहिल्यापासून नव्हती. मूळ मुदत 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर 1941 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कविता आणि गाणी 1991 अखेर मोकळी होणार होती. त्या सुमारास मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली आणि त्याचा लाभ देशातल्या सगळ्याच कर्त्यांना मिळाला.

जोडीचा हिशेब गमतीचा आहे. दोघांनी मिळून केलेल्या कृतीत जो शेवटी जातो त्याच्या मृत्यूपासून मोजतात. म्हणून 'पांडू हवालदार'च्या चाली दोघांनी मिळून केल्या असं धरलं तर हेंद्रे कधी गेले याला महत्त्व उरत नाही, त्याही 2081 पर्यंत. शंकर-जयकिशनमधले जयकिशन 1971 ला गेले आणि शंकर 1987 ला, म्हणून त्यांच्या जोडकामाची मुदत 2047 अखेर संपते. लक्ष्मीकांत 1998 मध्ये गेले, पण प्यारेलाल आपल्यात आहेत. म्हणून त्या जोडीच्या चालींची मोजणी अजून सुरूच झालेली नाही.

पण मालक कोण?

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल की 2081 पर्यंत पाटलांच्या घरच्यांना पैसे येत राहणार. तसं सरळ नाही. मुदत कर्त्याच्या आयुष्यावरून मोजायची आणि मालकी मात्र दुसऱ्याची, असं हिंदी-मराठी सिनेमात वर्षानुवर्षं चाललं.

संगीतकाराला पिक्चरमागे ठोक रक्कम मिळायची. 1969 मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही गीतकार-संगीतकारांची संस्था निघाली आणि तिनं थिएटरवाल्यांकडे रॉयल्टी मागितली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 1977 मध्ये निकाल लागला की निर्मात्यानं पैसे देऊन चाल करून घेतली असेल आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक निर्माताच. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जाता जाता एक टीप जोडली. त्यांचं म्हणणं होतं की गाणाऱ्यालाही हक्क असायला हवा आणि संसदेनं त्याकडे बघावं. संसदेनं चालीच्या कर्त्याकडे खऱ्या अर्थानं पाहायला 35 वर्षं घेतली.

2012 ची दुरुस्ती झाली तेव्हा जावेद अख्तर राज्यसभेत होते आणि हा विषय त्यांनी लावून धरला होता. ती 21 जून 2012 पासून लागू झाली. मराठवाड्यातल्या वाचकाला ती बटईच्या भाषेत पटकन कळेल. सातबारा कंपनीच्या किंवा निर्मात्याच्या नावावर असला, तरी पिकातला निम्मा वाटा कसणाऱ्याचा, आणि तो वाटा त्यानं कागदावर सही करून सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. चाल आणि शब्द दुसऱ्याच्या नावे करून दिले, तरी त्यांच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा कर्त्याकडे राहतो. हा वाटा फक्त दोघांकडे जाऊ शकतो, कायदेशीर वारसांकडे किंवा कर्त्याच्या वतीनं वसुली करणाऱ्या संस्थेकडे. निर्मात्यानं करारात 'सर्व हक्क सोडले' असं लिहून घेतलं, तरी तेवढं कलम फुकट.

अपवाद एक आहे, आणि तो मोठा आहे. थिएटरात पिक्चरबरोबर गाणं वाजलं तर रॉयल्टी नाही. टीव्ही, रेडिओ, मोबाइलवरचं ॲप, हॉटेल, ऑर्केस्ट्रा इथे वाजलं तर आहे. रेडिओवाले आम्ही ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो, चालीचे वेगळे कशाला, म्हणून भांडत राहिले. एप्रिल 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या विरोधात आदेश दिला. त्या आदेशाप्रमाणे, ध्वनिमुद्रण वाजलं की त्याच्या आत असलेली चाल आणि शब्दही वाजतात, म्हणून त्यांच्या कर्त्यांनाही द्यायला हवं.

श्रद्धांजलीची मैफल ठरवताना

निर्बंध उठल्यावर आमच्या भागात अशा मैफली बऱ्याच झाल्या. तिघं लागोपाठ गेले होते. 2020 च्या सप्टेंबरात एस. पी. बालसुब्रमण्यम, 2021 च्या मे महिन्यात रामलक्ष्मण, 2022 च्या फेब्रुवारीत लताबाई. 'दिल दीवाना' दोन तऱ्हांनी गाणारे दोघंही आणि ते बांधणाराही दोन वर्षांच्या आत गेला. एका तालुक्याच्या गावातली कराओकेची संध्याकाळ माझ्या डोळ्यांसमोर आहे. हॉल मंगल कार्यालयाचा. गाणारे म्हणजे एक निवृत्त गुरुजी, एक दातांचे डॉक्टर, महावितरणमधले एक साहेब. शब्द मोबाइलवर, डोळे शब्दांवर आणि माइक तोंडापासून हातभर लांब. निवेदिका प्रत्येक गाण्याआधी पिक्चर सांगायची, गायक सांगायची, पडद्यावर कोण होतं तेही सांगायची. संगीतकाराचं नाव तिनं संध्याकाळभर घेतलं नाही. मागच्या फ्लेक्सवर मात्र 'रामलक्ष्मण यांना भावपूर्ण श्रद्धांजली'.

अशा कार्यक्रमाला परवाना लागतो का? हौशी मंडळ असेल आणि ऐकणाऱ्यांकडून पैसे घेत नसेल, तर चाल आणि शब्द सादर करायला कायद्यात सूट आहे. देवस्थानाच्या मदतीसाठी हौशी मंडळानं केलेला कार्यक्रमही तिच्यात येतो. तिकीट लावलं किंवा कलाकार मानधन घेऊन आले, की ही सूट धरून चालता येत नाही. मग चाल आणि शब्द यांच्यासाठी आयपीआरएसचा परवाना काढायचा. कराओकेचा ट्रॅक हे तर आणखी कुणीतरी केलेलं ध्वनिमुद्रण असतं, त्याचा मालक वेगळा. फुकट डाउनलोड झाला म्हणजे तो बेवारस आहे असं नाही.

लग्नाचा प्रश्न सगळे विचारतात. वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्यातच सूट आहे आणि केंद्र सरकारनं जुलै 2023 मध्ये ती जाहीर सूचना काढून पुन्हा सांगितली. तेव्हा वरातीतल्या बँडनं 'दीदी तेरा देवर'ची चाल ट्रम्पेटवर बिनधास्त वाजवावी. लग्नाच्या नावाखाली तिकीट लावून डीजे नाइट केली तर ही ढाल चालणार नाही.

आता आवाज बंद पडण्याबद्दल. तिथे कुणी माणूस बसून ऐकत नसतो. कंपन्यांनी आपली ध्वनिमुद्रणं आधीच यंत्रणेत भरून ठेवलेली असतात. यंत्रणा त्यांचा ठसा घेते आणि तुमच्या व्हिडिओतल्या आवाजाशी ताडून पाहते. जुळलं की मालकानं आधी सांगून ठेवल्याप्रमाणे आवाज बंद होतो, व्हिडिओ अडवला जातो किंवा राहू दिला जातो आणि जाहिरातीचा पैसा मालकाकडे वळतो. मूळ गाणं मागे लावलं तर लगेच सापडतं. स्वतः पेटीवर वाजवलं तर बहुतेकदा सुटतं, पण सुटलं म्हणजे परवानगी मिळाली असं नव्हे. दुःखाच्या दिवशी हे फार निर्दयी वाटतं, हे कबूल. यंत्रणेला मात्र 22 मे आणि 23 मे यांत फरक करता येत नाही.

पैसा कुठे अडतो

परवाना काढल्यावर कार्यक्रमात वाजलेल्या गाण्यांची यादी द्यायची असते. रॉयल्टीची वाटणी त्यावर ठरते. आयोजकानं परवान्याचे पैसे भरले आणि यादीत नुसतं 'दिल दीवाना – लता मंगेशकर' एवढंच लिहिलं, तर त्या नोंदीत चाल बांधणाऱ्याचं नावच नाही. 'दिल दीवाना' नावाच्या ओळीनं सुरू होणारी गाणी किती असतील! यादीत गाण्याची ओळ, पिक्चर, संगीतकार आणि गीतकार असे चार खाने भरले तर नेमकं कोणतं गाणं ते कळतं. आमच्याकडचे ऑर्केस्ट्रे परवान्याची रक्कम खळखळ करत का होईना भरतात. यादीच्या वेळी मात्र, "ते तुम्हीच भरा की," म्हणून कागद हॉलच्या मॅनेजरकडे सरकवतात. माझं रागावणं आहे ते यावर. फ्लेक्सवर दोन हजार खर्च करणारा चाहता फुकटातल्या तिसऱ्या खान्यात नाव लिहीत नाही.

नावाचा मुद्दा कायद्यातही पैशापेक्षा वेगळा धरलेला आहे. चाल विकली तरी ती कुणाची हे सांगण्याचा हक्क विकला जात नाही. चालीची मोडतोड करून कर्त्याच्या लौकिकाला धक्का दिला तर त्याला दाद मागता येते, आणि त्याच्यामागे वारसांनाही. 1949 च्या 'महल'चं उदाहरण जुन्या दर्दींना माहीत असतं. 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गाणारी म्हणून लताबाईंचं नाव नव्हतं, पिक्चरमधल्या पात्राचं, कामिनीचं होतं. चाल बांधणारे खेमचंद प्रकाश पिक्चर आल्यावर वर्षाच्या आत, ऑगस्ट 1950 मध्ये गेले. त्यांच्या चालीची मुदत 2010 अखेर संपली. ती चाल आज कुणीही वाजवावी, पैसे कुणालाच द्यायचे नाहीत. नाव मात्र खेमचंद प्रकाश यांचंच सांगायचं.

आपल्याकडचे चाल बांधणारे

रामलक्ष्मण यांच्यासारख्या नावामागे निदान छापील श्रेयनामावली असते. मराठवाड्यात दुसऱ्याच तऱ्हेचे संगीतकार भरपूर झाले. नामांतराच्या काळातली गाणी, भीमगीतं, खंडोबा-येडेश्वरीची भक्तिगीतं, उरुसातल्या कव्वाल्या यांच्या कॅसेट नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या बाजारात ढिगानं विकल्या गेल्या. चाल बांधणाऱ्याला एकदाच काहीतरी हातावर ठेवलं जायचं. 2012 ची दुरुस्ती पिक्चरबाहेरच्या ध्वनिमुद्रणातल्या चाली आणि शब्द यांनाही लागू आहे, हे अशा घरांपर्यंत पोचलेलंच नाही. दर 14 एप्रिलला चौकाचौकात वाजणारं एखादं गाणं आज मोबाइलवरच्या ॲपमध्येही असतं, आणि ज्यानं ते बांधलं त्याचा मुलगा रिक्षा चालवत असतो.

इथे दोन गोष्टी तपासून घ्याव्या लागतात. आपल्याकडे अभंग असो की भीमगीत, पुस्तिकेत वर 'चाल' म्हणून एखाद्या पिक्चरचं गाणं छापायची पद्धत आहे. अशा गाण्यात शब्द आपल्या माणसाचे, चाल दुसऱ्याची. तिथे हक्क शब्दांपुरताच. आणि चाल पूर्वापार चालत आलेली असेल, वाघ्या-मुरळीची किंवा पोतराजाची, तर ती कुणा एकाची नसते. तिच्यावर कुणी स्वतःची नवी भर घातली असेल तर तेवढीच त्याची.

चाल स्वतःचीच असेल तर वारसांनी मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा हाताशी ठेवून त्या माणसानं बांधलेल्या गाण्यांची यादी करायला घ्यावी, आणि आयपीआरएसकडे वारस म्हणून नोंद करून घ्यावी. हयातीत सभासद झाला नसला तरी हक्क मेलेला नसतो. न वाजलेल्या, घरीच टेपवर राहून गेलेल्या चालींचा हिशेब तर आणखी निराळा. मृत्यूनंतर पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या चालीची 60 वर्षं प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. म्हणून अशी टेप कुणाच्या हाती देण्याआधी तिची प्रत करून ठेवावी आणि दिली कुणाला, कधी, कशासाठी, हे साध्या कागदावर का होईना लिहून घ्यावं. जुन्या कॅसेटच्या डबीतला कागद बहुतेक घरांत रद्दीत जातो. त्यावर 'संगीत' या शब्दापुढे बापाचं नाव छापलेलं असेल, तर मालकीच्या भांडणात तो कागद पहिल्यांदा मागितला जातो.